हनुवटीखालचे सप्तर्षी

विश्वंभरनाच्या हनुवटीखाली सात खळगे आहेत, हे आमच्या गावात सर्वांत आधी माझ्या ध्यानात आले. निदान मी तसे समजत होतो. आठ वर्षांपूर्वी कुन्नत्तुकावच्या भगवतीसाठी त्याला विकत घेऊन आणले, त्या दिवशी मी देवळाच्या पूर्वदारी उभा होतो. त्याने सोंड उंचावून आंब्याची खालची फांदी हुंगली आणि मला त्याच्या जबड्याखालची सुरकुतलेली त्वचा दिसली. चार खळगे चौकोनात, तीन पुढे वाकत गेलेले. उत्तरेच्या आकाशात दिसतात तसेच.

आम्ही वारियर. देवीच्या माळा गुंफणे हे आमचे पिढीजात काम. त्याखेरीज मी तेहतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. गजलक्षणांवरच्या जुन्या पोथ्या आमच्या घरी ताडपत्रांवर होत्या आणि वडिलांनी त्या मजकडून पाठ करून घेतल्या होत्या. अठरा नखे शुभ, सोंड भूमीस टेकलेली शुभ, डोळे मधाच्या वर्णाचे शुभ. हनुवटीवरच्या खळग्यांविषयी त्यांत एक अक्षरही नाही. हे मला त्या दिवशी पुरते ठाऊक होते. तरीही भोवती जमलेल्या मंडळींना मी सांगितले, "हे सप्तर्षिलांछन आहे. असा गज सहस्रांत एक जन्मतो."

लोकांनी हात जोडले. मला बरे वाटले.

हत्तींविषयीचा आमचा जिव्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. थोरल्या मुलाला दहावीत किती गुण मिळाले, हे मला आज आठवत नाही. पण माझ्या तरुणपणीच्या चार हत्तींची खांद्यापर्यंतची उंची मी इंचांत सांगू शकेन. विश्वंभरन माझ्या दारावरून नदीकडे जाऊ लागला की मी हातातली माळ खाली ठेवून अंगणात येत असे. साखळीचा आवाज दूर जाईपर्यंत उभा राहत असे. माझी पत्नी तंकम म्हणायची, "माझ्या माहेरची माणसं आली तेव्हा कधी असं दारात आला नाहीत."

त्याच वर्षी मी त्याच्यावर श्लोक रचला.

सप्तर्षयो हनौ यस्य स त्वं विश्वम्भर द्विप ।
शिर उन्नम्य तिष्ठ त्वं देवी त्वामधिरोहति ॥

ज्याच्या हनुवटीवर सप्तर्षी विराजतात, असा तू, हे गजा विश्वंभरा, मस्तक उंचावून उभा राहा. देवी तुझ्यावर आरूढ होत आहे. एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या पूरमच्या, म्हणजे देवीच्या वार्षिक उत्सवाच्या, दिवशी दुपारी दोन हत्ती पूर्वदारी समोरासमोर उभे करतात. एक देवळाचा आपला, दुसरा पलीकडच्या वडक्केकर वस्तीच्या लोकांचा राजशेखरन. तंत्री, म्हणजे देवळाचे मुख्य पुरोहित, पायरीवर उभे राहून पाहतात. जो मस्तक अधिक उंच आणि अधिक वेळ धरील, त्याच्या पाठीवर भगवतीची उत्सवमूर्ती चढते. दुसऱ्याने वर्षभर मागे चालायचे. पहिल्या वर्षी मी विश्वंभरनासमोर श्लोक म्हटला, तेव्हा त्याने कान हलवले आणि झावळी खाल्ली. मूर्ती राजशेखरनावर गेली. दुसऱ्या वर्षी मात्र "शिर उन्नम्य" हे शब्द माझ्या मुखातून निघाले आणि त्याने मस्तक उचलले. सावकाश, जणू अर्थ समजून. भाळावरचा सोनेरी पट्टा उन्हात असा झळकला की माणसे रडली. मीही रडलो. त्यानंतर सलग सहा वर्षे देवी त्याच्याच पाठीवर बसली.

श्लोक फलकांवर छापला गेला. लोकांच्या मोबाईलमध्ये वाजू लागला. दूरदूरच्या देवळांतून मला बोलावणी आली; मला शाल आणि "गजकवी" ही पदवी मिळाली. पशूलाही वाणीचा संस्कार होतो, पूर्वजन्मीचा ऋणानुबंध असल्यावाचून असे घडत नाही, या विषयावर मी व्याख्याने देत असे. एका विद्वान स्नेह्याने पत्र लिहून कळवले की श्लोकात "त्वं" दोनदा आले आहे, हा पुनरुक्तिदोष होय. त्या एका दोषाने मी कित्येक महिने अस्वस्थ होतो.

यंदा मकर महिन्यात विश्वंभरनाचा मद ओसरला आणि त्याला देवळामागच्या नारळीच्या बागेत बांधून ठेवले. पूरमला तीन आठवडे होते. एके सकाळी मी केळी आणि गुळाचे गोळे घेऊन तेथे गेलो. मुख्य माहूत वेलायुधन गावाला गेला होता. दुसरा माहूत चामी तळ्यावर आंघोळ करीत होता. त्याचे कपडे दगडावर दिसत होते. बागेत मी आणि विश्वंभरन, दोघेच.

त्याने केळी घेतली. माझा खांदा हुंगला. मला वाटले, येथे लाउडस्पीकर नाही, तंत्री नाहीत, शाल देणारे कोणी नाही. आज केवळ त्याच्यासाठी म्हणावे. मी अगदी हळू, देवघरात म्हणावा तसा, तो श्लोक म्हटला.

सोंडेतली झावळी खाली पडली. मस्तक वर गेले.

मी हात जोडून पाहत राहिलो. क्षणभराने तो मान खाली घेईल आणि गुळाकडे वळेल, असे मला वाटत होते. त्याने मान खाली घेतली नाही. मी गूळ पुढे धरला. त्याने पाहिले नाही. त्याचे मधाच्या वर्णाचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या रिकाम्या डाव्या हाताकडे वळलेले होते. मग त्याचा पुढचा उजवा पाय गुडघ्यापाशी थरथरू लागला. मागे मूत्राची धार लागली आणि वाळलेल्या पानांवर तिचा आवाज होत राहिला. मी म्हणालो, "पुरे रे बाळा, पुरे." तो तसाच उभा. मी दोन पावले मागे सरलो. तो तसाच.

तळ्याकडून चामी ओला पंचा सावरीत धावत आला. पन्नाशीचा, किडकिडीत, क्वचित बोलणारा माणूस. तो ओरडला, "ताळ! ताळ, मोने, ताळ!" खाली घे, बाळा, खाली.

मस्तक खाली आले. विश्वंभरनाने मोठा श्वास सोडला; त्या श्वासाने माझ्या हातातले, गुळाखालचे केळीचे पान फडफडले.

"मास्तर," चामी धापा टाकत म्हणाला, "तो श्लोक असा मोकळा म्हणून सोडायचा नसतो हो. म्हटला की मागोमाग 'ताळ' म्हणायचं. नाहीतर तो पडेपर्यंत तसाच उभा राहील."

"का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करीत आहे की काय, असे त्याला वाटले असावे.

"का म्हणजे? मान खाली आली की टोचायचं, असंच शिकवलंय त्याला."

"कोणी?"

"वेलायुधनदादानं. मीपण. खोटं कशाला सांगू?" त्याने पंचाचे टोक पिळले. "तुम्ही पहिल्या वर्षी म्हटलात ना, तेव्हा स्नेही मंडळाच्या सुरेंद्रननं ते मोबाईलात भरून घेतलं. मग कर्किटक महिन्यापासून, भर पावसाळ्यात, त्याला औषधी उंडे खायला घालून विसावा देतात ना, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ तुमचा आवाज लावायचा आणि बांबूला खिळा लावून हनुवटीखाली धरायचा. एक्केचाळीस दिवस. दर वर्षी नव्यानं, आणि मद उतरला की पुन्हा चार दिवस."

"माझा आवाज," मी म्हणालो.

"तुमचाच. दुसऱ्या कुणाच्या आवाजाला तो ऐकत नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. माझे उच्चार कुठले धड!"

मी त्याला विचारले, ते सात खळगे तर तो आला तेव्हाच होते. चामी म्हणाला, आधीच्या मालकानेही मान उंच धरायला शिकवलेच असणार. त्याशिवाय का एवढी किंमत आली? मग त्याने विश्वंभरनाची सोंड हलकेच बाजूला केली.

"आणि आता सात कुठं राहिलेत मास्तर? मोजा की."

मी मोजले. अकरा होते. दोन ओले होते. आठ वर्षांत मी पुन्हा एकदाही मोजले नव्हते.

घरी येऊन मी पाय धुतले. तंकम ओसरीवर तुळशीची माळ गुंफत होती. मी तिला सर्व सांगितले. सांगताना माझा स्वर चढला असावा, कारण तिने माळ मांडीवर ठेवली.

"तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, पावसाळ्यात दोन्ही वेळा बागेतून तुमचा आवाज यायचा. तुम्ही इथं माझ्यासमोर पेज पीत बसलेले आणि तिकडं तुमचाच श्लोक. मग त्याचं ओरडणं. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं."

"मला वाटे, कोणीतरी भक्तीने लावतो."

"आणि ते ओरडणं?"

तेही मी ऐकलेच होते. हत्ती आनंदानेही ओरडतो, असे मी एका व्याख्यानात सांगितले होते.

तंकम पुन्हा माळ हातात घेत म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे आणि तुमचं चाललंय. म्हणून मी विषय काढला नाही. नवऱ्याला लाज वाटेल असं कशाला बोला?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मजविषयी असा समज करून घेतला होता, आणि त्यासह माझी पेज गरम ठेवली होती.

मी तत्काळ देवळात जाऊन तंत्रींना सांगावयास हवे होते. मी गेलो नाही. पहिल्या दिवशी ठरवले, उद्या जाईन. दुसऱ्या दिवशी वाटले, वेलायुधन परत येऊ दे. पाचव्या दिवशी सुरेंद्रन आला. तो माझा जुना विद्यार्थी. टायरचे दुकान चालवतो आणि विश्वंभरन स्नेही मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने नवा फलक आणला होता. त्यावर हत्तीच्या शेजारी माझे छायाचित्र, हत्तीएवढेच मोठे.

"कसा झालाय, मास्तर? यंदा टीव्हीवाले येणार आहेत. तुम्ही ते जरीकाठाचं कसवाचं उपरणं काढा पेटीतून."

मी म्हणालो, "सुरेंद्रा, यंदा श्लोक नको. माझा घसा बरा नाही."

हे पाहा: सत्य सांगण्याची वेळ आली, तेव्हा मी घशाचे निमित्त पुढे केले.

"त्याची काळजी तुम्ही करूच नका," तो हसला. "घसा बसला तरी आवाज आहेच की माझ्या खिशात. तुम्ही नुसतं उभं राहायचं, ओठ हलवायचे. टीव्हीत काय कळतंय!"

तो गेल्यावर मला उमगले, की मी न जाण्याने काहीच टळणार नाही. माझा आवाज माझ्यावाचूनही त्या पशूला उभे करील. जायचे आणि तंत्रींसमोर, सर्वांसमोर, सत्य सांगायचे, एवढी एकच वाट उरली होती. त्यासाठी मी चार वाक्ये मनाशी जुळवली. ती सुबक झाली होती. त्यांतला एक शब्द मी दोनदा बदलला.

पूरमच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास दोन्ही हत्ती पूर्वदारी आले. चेंडे, म्हणजे आमचे उभे ढोल, थांबले. माणसे भिंतींवर, छपरांवर, आंब्याच्या फांद्यांवर बसली होती. राजशेखरनाने आपले मस्तक बऱ्यापैकी उचलले होते. विश्वंभरन मान खाली घालून झावळीचा दांडा चघळत होता. त्याच्या डाव्या अंगाला वेलायुधन, उजव्या अंगाला चामी. वेलायुधनाच्या हाती बांबू होता. खिळा नव्हता, बांबू पुरेसा होता. सुरेंद्रनने माइक माझ्या हाती दिला.

मी माइक तोंडाशी नेला आणि ती सहस्रावधी माणसे गप्प झाली. ती शांतता ज्याने एकदा अनुभवली, त्यालाच ती कळेल. तान्ह्या मुलांनाही आया थोपटून गप्प करीत होत्या. तंत्रींनी मान किंचित झुकवली. माझी चार वाक्ये मला आठवत होती. मी ती विसरलो असे म्हणणे असत्य होईल. सवयीने जिभेवर श्लोक आला, असेही मी म्हणणार नाही. एकदा, शेवटचे, असे माझ्या मनात आले, आणि मी म्हटले, "सप्तर्षयो हनौ यस्य..."

माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता.

"शिर उन्नम्य" म्हणताच ते मस्तक वर गेले. छपरांवरून आरोळी उठली. "विश्वंभरा! विश्वंभरा!" राजशेखरनाहून वीतभर उंच. मी पहिल्या रांगेत, त्याच्या सोंडेपासून चार हातांवर होतो. पाहणाऱ्यांना पट्ट्याचे सोने दिसत होते. मला तो उजवा पाय दिसत होता. गुडघ्यापाशी थरथर सुरू झाली होती. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, बांबूकडे होते. पलीकडून चामी माझ्याकडे पाहत होता. त्याने केवळ भुवया किंचित उचलल्या, जणू विचारले, आता?

तरीही मी थांबलो. तंत्री पायरी उतरले, मूर्ती घेणारा भटजी पुढे झाला, तोवर मी थांबलो. देवीला विश्वंभरनावर चढताना आणखी एकदा पाहावे, एवढा लोभ माझ्यात शिल्लक होता. मग त्याच्या मागच्या पायांमधली धूळ काळी पडत गेलेली मला दिसली.

मी माइकमध्ये म्हणालो, "ताळ."

कोणाला काही कळले नाही. मी पुन्हा म्हणालो, "ताळ, मोने, ताळ." मस्तक खाली आले, एकाएकी, दोर तुटावा तसे.

आरोळी बंद झाली. "आजारी आहे का रे?" असे कोणी विचारले. दुसरा म्हणाला, "म्हातारा काय बोलला मध्येच?" सुरेंद्रन धावत येत होता. मी म्हणालो, "ते सप्तर्षी नव्हेत. त्या जखमा आहेत. माझ्या श्लोकावर..." माइक तेथवरच चालला. पुढचे वाक्य मी बोललो, पण ते माझ्याच दातांत राहिले. कोणीतरी तार ओढली होती. वडक्केकरच्या बाजूने चेंडे सुरू झाले आणि मूर्ती राजशेखरनाच्या पाठीवर चढली. माझी जी वाक्ये बाहेर पडली, तीही लोकांनी पराभवाचे निमित्त म्हणून ऐकली असावीत.

सुरेंद्रन माझ्या कानाशी म्हणाला, "सहा वर्षं शाल पांघरली तेव्हा नाही दिसल्या जखमा? आज टीव्हीसमोरच दिसल्या होय, मास्तर?"

त्याचे हे बोलणे मी आजही खोडून काढू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तंत्रींकडे जाऊन सर्व सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वारियर, हे आपण तीन आठवड्यांपूर्वी सांगितले असते तर." त्यांनी मंडळाला बोलावून बांबू आणि तो आवाज, दोन्ही बंद करविले; पुढच्या वर्षापासून मूर्ती आलटून पालटून दोन्ही हत्तींवर बसेल, असे ठरले. गावात आता कोणी माझ्याशी फारसे बोलत नाही. चामीला मात्र त्याच आठवड्यात काढून टाकले. मला "ताळ" हा शब्द त्याने शिकवला, हे सुरेंद्रनला कळण्यास कितीसा वेळ लागणार? मी त्याच्या बाजूने बोलण्यास गेलो, तोवर तो आपली पेटी घेऊन निघून गेला होता. तो कोठे गेला, हे मला अद्याप कळलेले नाही.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा बागेत गेलो. हातात गुळाचे गोळे. बोलायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. खळगे वाळले आहेत, असे तंकमने सांगितले होते. ती रोज झावळ्यांच्या गाडीमागून तेथे जाते. विश्वंभरन भेरली माडाची पात सोलून खात होता. मी दहा हातांवर थांबलो. घशात काही अडकले म्हणून मी खाकरलो.

पात खाली पडली. मस्तक वर गेले.

नव्या माहुताने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. त्याला काहीच ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "बघा मास्तर, तुम्हाला ओळखलं त्यानं!"

"होय," मी म्हणालो. मग विश्वंभरनाला म्हणालो, "ताळ."

त्याने मान खाली घेतली. मी गुळाचे गोळे केळीच्या पानावर ठेवून मागे सरलो, बागेच्या कुंपणापर्यंत. तेथून वळून पाहिले. तो गुळाकडे पाहत होता, पण सोंड पुढे करीत नव्हता. मी कुंपणाबाहेर गेलो, आडोशाला उभा राहिलो, श्वास धरून. पुष्कळ वेळाने पानाचा चुरचुर आवाज आला.

आता गूळ तंकम घेऊन जाते. विश्वंभरन नदीकडे निघाला की मी साखळीचा आवाज ऐकतो आणि अंगणात न येता आत जाऊन दार लोटून घेतो. मला खोकल्याची सवय आहे.